पावणेदोन तासांचा पुरा हिशेब



१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून, 'मुंबई पावणेदोन तासांवर आली,' असं आपण ऐकतो. खरं आहे, पण ते बेलोऱ्यापासून. आपल्या दारापासून मुंबई किती तासांवर आहे, ते आज मोजू.

आधी अंतर पाहू. रेल्वेनं अमरावती ते मुंबई सुमारे ६७५ किलोमीटर. गाडी अकोला, भुसावळ, मनमाड, नाशिक करत कसाऱ्याचा घाट उतरते. विमान बरंचसं सरळ जातं, म्हणून त्याला सुमारे ५४० किलोमीटरच पडतात. या मार्गावर पंख्याचं छोटं विमान सुरू झालं. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. मग तासाभरात का पोचत नाही? कारण जमिनीवर ते हळू चालतं, वर चढायला आणि खाली उतरायला वेळ घेतं. मुंबईत विमानांची गर्दी, त्यामुळे कधी आकाशातच थांबावं लागतं. तिकिटावरच्या वेळेत हे सगळं धरलेलं असतं.

आता समजा, दर्यापूरच्या एका बाईला आईला घेऊन मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जायचं आहे. एसटीनं अमरावती दीड तास. तिथून ऑटोनं बेलोरा, वाट पाहण्यासकट एक तास. विमानतळावर दीड तास आधी पोचायचं. विमानाचे पावणेदोन तास. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. परळपर्यंत गर्दीतून सव्वा तास. झाले साडेसात तास! रात्रीच्या अंबा एक्सप्रेसनं हाच प्रवास दारापासून दारापर्यंत चौदा-पंधरा तासांचा. म्हणजे वेळ निम्मा वाचतो.

पण काम किती वाजताचं आहे, हेही पाहा. रेल्वे सकाळी पोचवते, त्याच दिवशी रुग्णालयात नंबर लावता येतो. विमान संध्याकाळी पोचवत असेल, तर एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वाढला. शिवाय सेवा सुरू झाली तेव्हा विमान आठवड्यातून तीनच दिवस होतं. वार आणि वेळ बदलतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी विचारून घ्या.

अकोल्याच्या बायांनो, तुमच्या शिवणीच्या विमानतळाची धावपट्टी आखूड आहे, तिथून रोजचं प्रवासी विमान नाही. बेलोऱ्याला यायचं तर आधी सुमारे शंभर किलोमीटर उलट्या दिशेला यायचं. मुंबईच्या कितीतरी गाड्या मात्र तुमच्याच स्टेशनवरून जातात.

मग विमान आपल्या कामाचं नाही का? आहे. ऑपरेशननंतर जिला रात्रभर गाडीत बसवत नाही, तिच्यासाठी वाचलेले सात तास फार मोलाचे. फक्त अशा वेळी, आणि दिवस भरत आलेल्या बाईसाठीही, विमान कंपनी डॉक्टरांचा दाखला मागू शकते. तो आधीच घ्या. ओळखपत्र तर प्रत्येकीजवळ पाहिजेच.

तिकीट काढण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: घरून किती वाजता निघायचं, कामाच्या जागी किती वाजता पोचायचं, आणि मुक्कामासह एकूण खर्च किती. घरात 'रेल्वेनंच जा' किंवा 'विमानानंच जा' असं कोणी म्हटलं, तर तो कागद पुढे ठेवा आणि मग ठरवा.