पाठांतर आणि दृष्टी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बडोदे येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात, सरकारी दवाखान्याच्या नेत्र विभागात प्रमुख नेत्रतंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



या व्यासपीठावर उभे राहण्याचे निमंत्रण आले, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. आपल्या शाळेने डॉक्टर दिले, अभियंते दिले, प्राध्यापक दिले. मी यांपैकी कोणीच नाही. डॉक्टरांच्या खोलीच्या अलीकडच्या खोलीत बसून लोकांचे डोळे मोजणारी मी एक तंत्रज्ञ. मुख्याध्यापिकाबाईंना मी तसे सांगितलेही. त्या म्हणाल्या, "मग त्या अलीकडच्या खोलीविषयीच बोला." म्हणून आज त्या खोलीविषयी बोलते. पण त्याआधी मला या शाळेत केलेली एक लबाडी कबूल करायची आहे.

मी तिसरीत होते. शाळेत डोळ्यांची तपासणी होती. व्हरांड्याच्या टोकाला भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला होता आणि आम्ही हजेरीच्या क्रमाने रांगेत उभे होतो. माझा क्रमांक तिसाच्या पुढचा. पुढची मुले एकेक करून मोठ्या आवाजात तक्ता वाचत होती. आपल्या शाळेतले पाठांतर आपल्याला ठाऊकच आहे. तिसापर्यंतचे पाढे, श्लोक, कविता, सारे कानांवाटे आत जाई आणि तेथेच मुक्काम करी. माझी पाळी येईपर्यंत तो तक्ताही मला मुखोद्गत झाला होता. उजवा डोळा झाकून मी तो न अडखळता म्हणून दाखवला. "शाबास" असे म्हणून तपासनीसांनी माझ्या कार्डावर दोन्ही डोळे उत्तम असल्याचे लिहिले. डाव्या डोळ्याला त्या तक्त्यातले सर्वांत वरचे, सर्वांत मोठे अक्षरच तेवढे दिसत होते.

हे उघडकीस यायला सहा वर्षे गेली. नववीत असताना उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर पतंगाची कामटी माझ्या उजव्या डोळ्याला लागली. जखम किरकोळ होती, पण डोळा चार दिवस पट्टीखाली राहिला. त्याच अवस्थेत मी शाळेत आले. मराठीच्या तासाला बाईंनी मला कविता वाचायला सांगितली. मी पुस्तक हातात धरले आणि कविता धडाधड म्हणून टाकली. बाई काही क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या. मग जवळ आल्या, त्यांनी पुस्तकाची पाने उलटली आणि अजून न शिकवलेल्या धड्यावर बोट ठेवले. "हे वाच." मी गप्प उभी राहिले.

त्याच संध्याकाळी बाईंची चिठ्ठी माझ्या वडिलांच्या हाती पडली. दवाखान्यात कळले ते असे, की माझ्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून मोठा नंबर होता आणि उजव्याला जवळजवळ नव्हता. अशा वेळी मेंदू स्पष्ट चित्र पाठवणाऱ्या डोळ्याचे ऐकतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. डोळा वरून निरोगी दिसतो, पण त्याची पाहण्याची घडण अपुरी राहते. याला आपण बोलीत 'आळशी डोळा' म्हणतो. सहा-सात वर्षांच्या आत योग्य चष्मा दिला आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवला, तर हा डोळा बहुधा कामाला लागतो. वय वाढते तशी ही संधी कमी होत जाते. मी चौदा वर्षांची होते. आजही चष्मा लावून माझा डावा डोळा 6/36 च्या पुढे जात नाही.

वडील त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. मग एवढेच म्हणाले, "तू कधी सांगितलं कसं नाहीस?" मी काय सांगणार होते? उजवा हात लिहितो आणि डावा लिहीत नाही, तसाच सगळ्यांचा एक डोळा पाहणारा आणि एक नुसता सोबतीला असतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ज्याने चांगले पाहिलेलेच नाही, त्याला आपण काय गमावले हे कळत नाही. म्हणून तो तक्रारही करत नाही. हे एक वाक्य माझ्या सगळ्या नोकरीचे सार आहे.

बारावीनंतर मी नेत्रसाहाय्यकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. 1976 साली भारत सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. नेत्रतज्ज्ञ मोजके आणि रुग्ण अगणित; म्हणून तपासणीचा पहिला भार उचलणारी माणसे या कार्यक्रमातून तयार होऊ लागली. मी त्यांच्यापैकीच एक. सकाळी नऊला बाह्यरुग्ण विभाग उघडतो, तेव्हा केसपेपर घेतलेल्यांची रांग फाटकापर्यंत पोचलेली असते. प्रत्येकाची दृष्टी मोजायची, चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्यातला दाब पाहायचा, बाहुली मोठी करण्याचे थेंब घालायचे, मोतीबिंदूच्या रुग्णासाठी भिंगाचे माप काढायचे. केसपेपर डॉक्टरांच्या टेबलावर पोचतो, तेव्हा त्यावरचे बहुतेक आकडे आमच्या हातचे असतात. डॉक्टर त्यांवर विश्वास ठेवून शस्त्र उचलतात.

दृष्टीचा तक्ता 1862 साली हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्यांनी तयार केला. 6/6 म्हणजे निरोगी डोळा सहा मीटरवरून जे वाचतो ते आपणही सहा मीटरवरून वाचले. 6/60 म्हणजे निरोगी डोळा साठ मीटरवरून जे वाचेल, ते वाचायला आपल्याला सहा मीटरवर यावे लागले. हिशेब सोपा आहे. कठीण आहे ते खरे उत्तर मिळवणे. माझ्या तिसरीतल्या लबाडीचे नाना अवतार मला रोज भेटतात. शस्त्रक्रियेला घाबरलेल्या आजीबाई हात हलवून म्हणतात, "बेन, मने बधुं देखाय छे." वाहन परवान्याच्या दाखल्यासाठी आलेला चालक बाकावर बसल्या बसल्या तक्ता पाठ करतो. सासूबाईंना सोबत घेऊन आलेली सून प्रेमापोटी हळूच अक्षर सांगून देते. यांपैकी कोणीही लबाड नाही. भीती, गरज आणि माया, तिन्हींना उत्तर पाठ असते.

म्हणून आमच्या विभागात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न वर्ज्य करायला सांगते: "दिसतंय ना?" या प्रश्नाचे उत्तर नेहमी "हो" असेच येते. त्याऐवजी आम्ही इंग्रजी 'ई' अक्षराचा तक्ता वापरतो. तीन दातांच्या कंगव्यासारखे ते अक्षर कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे तोंड करून असते. दात कोणीकडे आहेत ते बोटांनी दाखवायचे. याला ना गुजराती लागते, ना हिंदी, ना मराठी. छोटा उदेपूरकडून राठवी बोलत आलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला म्हातारा शेतकरीही ते दाखवू शकतो. क्रम मात्र आम्ही दर वेळी बदलतो. बाईंनी उलटलेले पान मी गेली कित्येक वर्षे असे रोज उलटते आहे.

पण मीही चुकले आहे, आणि ते लपवून या शाळेसमोर बोलणे योग्य होणार नाही. माझ्या पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणची गोष्ट. मोतीबिंदू काढल्यावर जे कृत्रिम भिंग बसवतात, त्याचा नंबर ठरवण्यासाठी डोळ्याची लांबी ध्वनिलहरींनी मोजतात. मोठ्या माणसाच्या डोळ्याची लांबी साधारण साडेतेवीस मिलिमीटर असते. यंत्राची कांडी बुबुळावर जराशी जास्त दाबली गेली, तर डोळा चेपतो आणि लांबी कमी भरते. एका मिलिमीटरच्या चुकीने भिंगाचा नंबर अडीच ते तीन अंकांनी चुकतो. त्या दिवशी दुपारच्या आत रांग संपवायची होती. एका रिक्षाचालकाच्या मापात मला मेळ लागेना, आणि पुन्हा मोजण्याऐवजी मी सरासरी काढून आकडा लिहून टाकला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. भिंग मात्र चुकीच्या नंबरचे बसले. जवळचे दिसू लागले. दूरचे, म्हणजे ज्यावर त्याचे पोट होते तेच, धूसर राहिले. त्याला कायमचा जाड चष्मा लागला.

तो माझ्यावर रागावला असता तर बरे झाले असते. तो हात जोडून म्हणाला, "पहिल्यापेक्षा खूप दिसतं, ताई." डॉक्टरांनी मला बोलावले, माझा आकडा आणि खरा आकडा एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि कागद माझ्या हाती दिला. दुसरे काही बोलले नाहीत. आज माझ्या विभागात दोन्ही डोळ्यांच्या लांबीत 0.3 मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आला, की दुसऱ्या व्यक्तीने नव्याने मोजल्याशिवाय आकडा लिहिला जात नाही. मग बाहेर रांग कितीही लांब असो. सरकारी दवाखान्यात येणारा माणूस फुकट मिळाले म्हणून कृतज्ञ असतो. तो तक्रार करत नाही, म्हणून त्याच्या वतीने तक्रार करण्याचे काम आपलेच आहे, असे मी माझ्या सहकाऱ्यांना सांगते.

पालकहो, आता थोडे आपल्यासाठी. मूल तीन-चार वर्षांचे झाले, की शाळेत घालण्यापूर्वी त्याचे डोळे एकदा तपासून घ्या, आणि प्रत्येक डोळा वेगळा तपासला जाईल हे पाहा. घरी खेळता खेळता एक डोळा झाका, मग दुसरा. एक झाकला तर मूल खेळत राहते आणि दुसरा झाकला की रडते, हात ढकलते, असे झाले तर तो हट्ट समजू नका. तिरळेपणा मोठेपणी आपोआप जाईल म्हणून थांबू नका. छायाचित्रात किंवा उजेडात मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवा. तो डोळ्यातल्या कर्करोगाचाही इशारा असू शकतो. आणि मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाचे कसे, हा विचार कृपा करून मनातून काढून टाका. मी त्या विचारापायी कपाटात पडून राहिलेले कितीतरी चष्मे पाहिले आहेत.

माझ्या शाळासोबत्यांनो, आपणही आता चाळिशी-पन्नाशी ओलांडली. पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आपल्या देशात आजही मोतीबिंदू आहे. 2015 ते 2019 या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत त्याचा वाटा 66.2 टक्के आढळला. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने, म्हणजे आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या भाषेतल्या 'झामर'ने, गेलेली येत नाही, आणि तो बहुधा दुखतही नाही. आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर आपला दाब आणि डोळ्याची नस तपासून घ्या. मधुमेह असेल, तर दर वर्षी थेंब घालून पडदा पाहून घ्या. आणि औषधाच्या दुकानातून कोणाच्या सांगण्यावरून आणलेले थेंब महिनोन्महिने घालू नका. त्यांत स्टेरॉइड असेल, तर तेच काचबिंदूला निमंत्रण ठरते.

शेवटी एक विनंती. हीरक महोत्सवानिमित्त आपण सारे शाळेला काही ना काही देत आहोत. माझ्याजवळ देण्यासारखी एकच गोष्ट आहे. दर वर्षी जून महिन्यात, माझ्या सुटीच्या दिवशी, शिशुवर्गात नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाची दृष्टी तपासायला मी येईन. दोन सहकाऱ्यांनीही यायचे कबूल केले आहे. शाळेने एक खोली द्यावी. मुले एकेक करून आत येतील. बाकीची रांग, आतला आवाज पोचणार नाही इतक्या दूर, पिंपळाच्या पारापाशी उभी राहील. पालकांनी आत अवश्य यावे, पण उत्तर सुचवू नये.

पाठांतर या शाळेने मला दिले आणि त्याने मला जन्मभर साथ दिली. ते प्रार्थनेच्या तासाला, स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर असेच घुमत राहो. फक्त जूनमधल्या त्या एका दिवशी ते आपण खोलीच्या दाराबाहेर ठेवू या.

ज्या बाईंनी त्या दिवशी पान उलटले, त्या आज आपल्यात नाहीत. त्यांना वंदन करून मी आपली रजा घेते.