खोट्या दुखण्याचे औषध
(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हांला माझीच फजिती सांगणार आहे. मास्तर कधी फसत नाही, असे समजू नका.

माझ्या लहानपणी आमच्या आठवडी बाजारात कान साफ करणारा एक माणूस येई. तो जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवी आणि म्हणे, "दादा, तुमच्या कानात खडा आहे. ऐकू कमी येतंय ना?" माणूस घाबरे आणि खाली बसे. मग तो कानात सळई फिरवी आणि हरभऱ्याएवढा खडा काढून दाखवी. चार आणे घेई. माझे आजोबा मला म्हणाले, "बाळ, खड्याकडे बघू नकोस. त्याच्या बोटांकडे बघ." मी पाहिले. खडा आधीपासून त्याच्या बोटांत होता!

आता तोच माणूस संगणकात शिरला आहे, बरं का!

गेल्या पावसाळ्यात माझा संगणक फार मंद चालू लागला. एक दिवस पडद्यावर लाल पाटी आली. 'तुमच्या संगणकात १,२४७ दोष आहेत. ताबडतोब दुरुस्त करा.' मी घाबरलो. तिथले बटण दाबले. संगणक साफ करणारा म्हणून एक प्रोग्रॅम आत आला. तपासणी फुकट होती. दुरुस्तीला मात्र १,८०० रुपये. मी भरले. आकडा शून्यावर आला, पण संगणक होता तसाच मंद. आठ दिवसांनी लाल पाटी पुन्हा हजर!

दोन महिने मी हे कुणाला सांगितले नाही. अडतीस वर्षे मुलांना शिकवले की, 'खात्री करून घ्या.' आणि मीच खात्री केली नाही. फार लाज वाटली. शेवटी माझ्या पुतणीने ती पाटी पाहिली. ती म्हणाली, "आप्पा, यानं १,२४७ दोष मोजले. त्यातला एक तरी नीट दाखवला का?" मी गप्प बसलो. मग तिने खरे कारण शोधले. संगणकातली जागा फोटोंनी आणि चित्रफितींनी भरली होती. शिवाय संगणक चालू होताच अकरा प्रोग्रॅम आपोआप सुरू होत होते. नको ते काढले, नको ते बंद केले. पै खर्च न होता संगणक चालू लागला.

असे फक्त खेड्यातच घडते, असे मानू नका. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची मोठी दुकाने आहेत. तिथे गिऱ्हाइकांचे संगणक फुकट तपासून देत. तपासणीआधी चार प्रश्न विचारत. संगणक मंद चालतो का? वारंवार बंद पडतो का? अशा एकाही प्रश्नाला 'होय' म्हटले, की संगणकात रोगाची लक्षणे आहेत असा निकाल येई. तपासणीत काय सापडले, याचा निकालाशी संबंधच नसे! मग दुरुस्तीसाठी शेकडो डॉलर मागत. २००९ ते २०१६ पर्यंत हे चालले, असा आरोप तिथल्या सरकारच्या व्यापार आयोगाने ठेवला. २०१९ साली प्रकरण मिटवताना त्या कंपनीला २ कोटी ५० लाख डॉलर भरावे लागले. तो प्रोग्रॅम पुरवणाऱ्या कंपनीला १ कोटी डॉलर भरावे लागले.

म्हणजे पाहा, शहाणी शिकलेली माणसेही फसली. भीती घातली की माणूस विचार करायचा थांबतो.

मग लबाड प्रोग्रॅम ओळखायचा कसा? खुणा लक्षात ठेवा.

तो न बोलावता येतो. तो शेकडो दोष सांगतो, पण नेमका कोणता ते सांगत नाही. तपासणी फुकट करतो आणि औषधाचे पैसे मागतो. घाई करतो. पाटीवर फोन नंबर असेल, तर ती खोटीच समजा. विंडोज तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.

पाटी आली तर काय करावे? त्या नंबरावर फोन करू नका. पाटीवरचे कोणतेच बटण दाबू नका. आल्ट आणि एफ ४ ही बटणे एकदम दाबा. पाटी गेली नाही, तर संगणक बंद करून पुन्हा चालू करा.

प्रोग्रॅम आत आला असेल, तर असा काढा. 'सेटिंग्ज' उघडा. तिथे 'ॲप्स' हा शब्द शोधा. त्यात सगळ्या प्रोग्रॅमांची यादी मिळते. अनोळखी नाव दिसले, तर ते कशाचे आहे ते जाणत्याला विचारा. नको असलेल्या नावापुढे 'अनइन्स्टॉल' दाबा. तो गयावया करील, 'मला काढले तर धोका आहे' म्हणेल. ऐकू नका. नंतर संगणक बंद करून पुन्हा चालू करा.

मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. हा पहारेकरी विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. त्याच्याकडून 'फुल स्कॅन', म्हणजे पूर्ण तपासणी करून घ्या. भीती घालून पैसे उकळणारे प्रोग्रॅम काढून टाकायचे, असे धोरण मायक्रोसॉफ्टने १ मार्च २०१८ पासून ठेवले आहे.

फोनवरच्या अनोळखी माणसाला संगणक चालवू दिला असेल, तर आधी इंटरनेट तोडा. दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून आपले पासवर्ड बदला. पैसे गेले असतील, तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सरकारी नंबरावर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

शेवटी एकच सांगतो. फसलात तर लपवू नका. माझे १,८०० रुपये गेलेच. पण मी दोन महिने गप्प राहिलो आणि तेवढ्या दिवसांत आमच्याच गल्लीतले दोघे त्याच पाटीला फसले. मी वेळेवर बोललो असतो, तर त्यांचे पैसे वाचले असते. त्याची खंत मला आजही वाटते. म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे.

आता तुम्हांला वाचता येते. पाटी वाचा, पण तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. खड्याकडे नव्हे, बोटांकडे बघा. आणि घरी गेल्यावर हे शेजाऱ्याला सांगा.

राम राम.