इंग्रजी संभाषण आणि लहान क्रियापदे

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



आपल्या समाजातील पुष्कळ मुले-मुली मराठी शाळांतून उत्तम गुण मिळवून पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत जातात. त्यांचे इंग्रजी व्याकरण पक्के असते, शब्दसंग्रहही तोकडा नसतो. तथापि मुलाखतीत चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग आला की वाचा बसते. अंगी गुण असून जागा हातची जाते. ही हानी एकट्या विद्यार्थ्याची नव्हे, त्याच्या घराची व पर्यायाने समाजाची आहे. म्हणून आम्ही हा विषय निवडला.

आमच्या मते या अडचणीचे एक कारण असे, की आपण इंग्रजी पुस्तकांतून शिकतो आणि भारदस्त शब्द म्हणजेच विद्वत्ता असे धरून चालतो. सभा पुढे ढकलली हे सांगण्यास आपण 'पोस्टपोन' आठवतो. इंग्रज मनुष्य घरी सहज 'पुट ऑफ' म्हणतो. आग विझविण्यास आपण 'एक्स्टिंग्विश' शोधीत बसतो. तो 'पुट आउट' म्हणून मोकळा होतो. 'टॉलरेट' करण्याऐवजी तो 'पुट अप विथ' करतो. एका 'पुट'ने तीन कामे केली!

यास इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार व न्यायालये यांत फ्रेंच आणि लॅटिन भाषांचे प्राबल्य झाले व त्यांतून आलेले शब्द प्रतिष्ठित ठरले. घरात व शेतात मात्र 'मेक', 'डू', 'गो', 'कम' ही जुनी इंग्रजी क्रियापदे टिकून राहिली. 'गेट' आणि 'टेक' ही त्यापूर्वीच उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांची देणगी. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? 'मला क्षुधा लागली आहे' असे कोणते मूल आईला म्हणते?

आता मराठीतील 'लागणे' पाहा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, वेळ लागतो, झोपही लागते. परकीयास हे कोडे वाटेल; आपल्याला त्यात काहीच अवघड वाटत नाही. इंग्रजीत 'गेट'चे तसेच आहे. पत्र मिळाले, घरी पोहोचलो, थकलो, सकाळी उठलो, मुद्दा समजला, या सर्वांस 'गॉट' पुरे होते.

सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' ही योजना मांडली. तीत एकंदर ८५० शब्द असून क्रियापदे अवघी १८ होती. यावरून या लहान क्रियापदांचे सामर्थ्य ध्यानात येते. परंतु एक अडचण उरतेच. 'पुट', 'अप' आणि 'विथ' यांचे अर्थ वेगवेगळे पाठ केले, तरी तिन्हींच्या बेरजेतून 'सहन करणे' निघत नाही. शब्द लहान आहे म्हणून तो सोपा आहे, असे समजू नये. संपूर्ण शब्दप्रयोगच एक शब्द मानून शिकला पाहिजे.

दुसरी सावधगिरी भाषांतराची. मराठीत आपण परीक्षा 'देतो'. इंग्रज ती 'टेक' करतो. आपण निर्णय 'घेतो'; तो बहुधा 'मेक' करतो. आपण चूकही करतो आणि गृहपाठही करतो. इंग्रजीत चुकीस 'मेक' लागते व गृहपाठास 'डू'. आपण छायाचित्र 'काढतो', तो 'टेक' करतो. आपण चहा 'घेतो', तो 'हॅव' करतो. यात तर्क शोधण्यात अर्थ नाही. कानाला सवय लावणे हाच उपाय.

भारदस्त शब्द टाकून द्यावेत, असे मात्र आमचे म्हणणे नाही. सरकारी अर्ज, करारपत्र, प्रबंध यांत 'पोस्टपोन' आणि 'रिसीव्ह' यांचेच स्थान आहे. सण-समारंभाचा पोशाख आणि घरचा पोशाख जसे वेगळे, तसेच हे.

विद्यार्थ्यांस आमची सूचना इतकीच : एक वही करावी. आठवड्यास एकच क्रियापद घ्यावे. वाचताना अथवा ऐकताना त्याचे जे प्रयोग आढळतील, ते पूर्ण वाक्यासह उतरून घ्यावेत व मोठ्याने म्हणावेत. पालकांनी मूल अडखळले तर हसू नये. हसण्याने तोंड मिटते आणि मिटलेल्या तोंडाने कोणतीही भाषा येत नाही. आपल्या संघाने दर रविवारी तासभर असे संभाषणवर्ग चालविले, तर अल्प खर्चात मोठे कार्य होईल. निवृत्त शिक्षक बंधु-भगिनींनी ही सेवा पत्करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

आम्ही आपली रजा घेतो. योगायोग असा, की इंग्रजीतही रजा 'टेक'च करतात. तेवढ्यापुरते दोन्ही भाषांचे एकमत आहे!