शिक्षणसेवक ते कायम शिक्षक : तीन वर्षांची वाट
(तालुका शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो काहींस रुक्ष वाटेल. परंतु आपल्यातील जे तरुण शिक्षणसेवक मागच्या रांगेत बसले आहेत, त्यांच्या घरची चूल याच विषयावर अवलंबून आहे. म्हणून थोडा वेळ लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.

प्रथम माझ्या पिढीविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही अध्यापनाची पदविका घेऊन सेवेत आलो तेव्हा शिक्षणसेवक हे पदच नव्हते. रुजू झालो त्या दिवसापासून वेतनश्रेणी लागू झाली. ही योजना २००० साली आली. प्राथमिक शिक्षणसेवकास प्रारंभी दरमहा ३,००० रुपये मानधन होते. पुढे ते ६,००० झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. तीन वर्षे समाधानकारक सेवा झाल्यावर कायम नेमणूक, असा नियम आहे. परंतु त्या तीन वर्षांच्या आधीही किती वर्षे जातात! २०१० साली सामाईक परीक्षा झाली आणि २०१२ साली भरती थांबली. २०१३ पासून पात्रता परीक्षा आली. पहिली अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसरी २०२३ साली. मधल्या काळात पदविकाधारकांनी कोठे तासिकेवर शिकवले, कोठे दुकानात हिशेब लिहिले, कोठे शेतीत राबले. ज्यांस एवढी वाट पाहावी लागली, त्यांना आम्ही ‘धीर धरा’ असा उपदेश करणे शोभत नाही. उपदेशापेक्षा उपयोगी पडेल असे काही सांगावे, हे बरे.

नव्या बंधुभगिनींस माझे पहिले सांगणे असे की, नेमणुकीच्या आदेशातील प्रत्येक अट शांतपणे वाचावी आणि एक स्वतंत्र नस्ती आजच उघडावी. नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, वैद्यकीय दाखला, चारित्र्य पडताळणी, प्रमाणपत्रांची पडताळणी, लागू असल्यास जात वैधता प्रमाणपत्र, रजेचे अर्ज व त्यांची मंजुरी, आणि प्रत्येक वर्षाचा कार्यमूल्यमापन अहवाल, या साऱ्यांच्या प्रती तीत असाव्यात. तिसरे वर्ष संपत आल्यावर कागद गोळा करू म्हणणारा मनुष्य पेरणीच्या दिवशी बियाणे शोधावयास निघतो. जो कागद दुसऱ्या कार्यालयातून यावयाचा आहे, त्याचा पाठपुरावा पहिल्या वर्षीच सुरू करावा. जो अर्ज द्याल, त्याची पोच घ्यावी.

दुसरे सांगणे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि आम्हा अधिकारीवर्गास आहे. त्यासाठी माझ्याच हातून घडलेला एक दोष सांगतो. २०२२ सालची गोष्ट. एका भगिनीची तीन वर्षे पूर्ण झाली, प्रस्ताव गेला आणि त्रुटी दाखवून परत आला. तो शाळेच्या कपाटात पडून राहिला. चार महिन्यांनी शाळाभेटीस गेलो असता सहज विचारले, तेव्हा ती नस्ती माझ्यासमोर आली. दुसऱ्या वर्षाच्या अहवालावर एक स्वाक्षरी राहिली होती. ती स्वाक्षरी माझी होती. मी त्या भगिनीस म्हणालो, “बाई, आपण मला विचारले का नाही?” त्या म्हणाल्या, “साहेब, विचारले तर आपणांस राग येईल, असे वाटले.”

त्या वेळी मानधन ६,००० रुपये होते आणि कायम शिक्षकाचे मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होत होते. फरकाची रक्कम त्यांना पुढे मिळाली. परंतु त्या चार महिन्यांत घरच्या आजारपणासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज कोणी भरून दिले नाही. तेव्हापासून माझ्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर बीटातील प्रत्येक शिक्षणसेवकाचे नाव व तीन वर्षे पूर्ण होण्याची तारीख लिहिलेली असते. प्रत्येक मुख्याध्यापकाने असे एक पान ठेवावे. त्यास कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही.

त्या भगिनीच्या उत्तरात आणखी एक बोध आहे. ज्याची नोकरी पक्की नाही, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. म्हणून शाळेतील माहिती भरण्याचे, पोषण आहाराच्या हिशेबाचे आणि सुट्टीच्या दिवशी तालुक्याला जाण्याचे काम त्याच्याच माथी मारले जाते. हे सोयीचे असेल, पण न्यायाचे नाही. कामे सर्वांनी वाटून घ्यावीत, आणि त्याला वर्गात उभे राहावयास वेळ द्यावा. तीन वर्षे केवळ तक्ते भरणारा तरुण कायम होईल. पण तो शिकवावयास केव्हा शिकेल?

शेवटी पुन्हा मागच्या रांगेकडे वळतो. आपल्या कागदांच्या नस्तीजवळ एक साधी वहीही असू द्यावी. पहिलीत आलेले मूल कोणत्या महिन्यात अक्षर ओळखू लागले, कोणत्या महिन्यात वाक्य वाचू लागले, एवढेच तीत लिहावे. नस्ती आपणांस आदेश मिळवून देईल; शिक्षक म्हणून आपली वाढ किती झाली, ते ही वही सांगेल. आदेश हाती आल्यावर नस्ती बंद करता येईल. वही मात्र चालूच ठेवावी.

 ज्यांचा प्रस्ताव कोठे अडला असेल, त्यांनी परिषद संपल्यावर मला अवश्य भेटावे. मला राग येणार नाही.