आधी कीर्द, मग खतावणी

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी ज्यांचे दुकान आहे त्यांना कीर्द आणि खतावणी ठाऊक आहे. व्यवहार घडेल तसा कीर्दीत लिहायचा, मग ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. संगणकातही हेच चालते. माहिती कोष्टकांत मांडण्याची पद्धत कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली सुचविली. ही कोष्टके म्हणजे खतावणी, आणि प्रत्येक बदल क्रमाने टिपणारी लॉग फाइल ही कीर्द. बदल कोष्टकात कायम होण्यापूर्वी त्याची नोंद लॉगमध्ये पक्की होते. मध्येच वीज गेली, तर संगणक लॉग वाचून पुरे झालेले व्यवहार उभे करतो आणि अर्धवट राहिलेले रद्द करतो.

पोस्टग्रेस या प्रणालीत या फाइलींच्या कप्प्याच्या नावात ‘लॉग’ हा शब्द होता. काही जण त्या फाइली निरुपयोगी समजून पुसून टाकीत आणि सारी माहिती धोक्यात घालीत. म्हणून २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत ते नावच बदलले!

आता माझीच चूक सांगतो. मी पूर्वी एका शाळेत होतो. तेथे नववीच्या एका तुकडीचे गुण संगणकातून नाहीसे झाले. मी चौकशी न करता कारकुनाला दोष दिला. ते बिचारे खाली मान घालून उभे राहिले. तेथील प्रणाली मायएसक्यूएल होती. एका माजी विद्यार्थ्याने तिच्या बायनरी लॉगची नक्कल घेऊन ती वाचली. माणसाचे नाव त्यात नव्हते, पण गुण पुसल्याची वेळ होती: शुक्रवार, दुपारी ४ वाजून १० मिनिटे. त्या दिवशी कारकून रजेवर होते. संगणकापुढे मीच होतो. जुनी तुकडी काढताना मी चालू तुकडी निवडली होती!

पुसलेल्या ओळींतले गुणही त्या नोंदीत होते, म्हणून मुलांचे नुकसान टळले. कारकुनांची मी सर्वांसमक्ष माफी मागितली.

मित्रांनो, लॉग तपासायचा तो नक्कल घेऊन, आणि वेळेवर. जुन्या फाइली ठरावीक मुदतीनंतर आपोआप काढल्या जातात. ही विद्या अवश्य शिका. आणि संगणक असो वा घर, कोणावर ठपका ठेवण्यापूर्वी कीर्द उघडून पाहा. कदाचित तीत आपलीच नोंद सापडेल.