देवळाची वाट आणि गावाचा रस्ता



मार्कंड्यापाशी वैनगंगा उत्तरवाहिनी होते, म्हणून या तीर्थाचे माहात्म्य. १९८२ साली चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी महाशिवरात्रीची यात्रा दोन्हीकडची एकच राहिली. पूर्वी लोक बैलबंडीने येत. माघात धान निघालेले असते, बांध्या कोरड्या असतात, बंडी कोठूनही निघते. त्यामुळे गावाला वाटते की रस्ता आहे. खरी परीक्षा श्रावणात होते. रोवणा चालू असतो, बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि अडलेली बाळंतीण खाटेवरून न्यावी लागते. रस्ता त्या दिवसासाठी हवा असतो.

देवळाच्या जीर्णोद्धाराला लोक सढळ हाताने देतात, हे गावाचे भूषण आहे. रस्त्याला मात्र पैशाच्या आधी जागा लागते. बहुतेक पांदणी नकाशावर रुंद आणि प्रत्यक्षात अरुंद असतात. दरसाल धुरा वीतभर सरकतो आणि वीस वर्षांत बंडीवाट पायवाट होते. विदर्भातील गावांच्या निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात गावाचे वहिवाटीचे हक्क नोंदलेले असतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यांना स्थान आहे. धुऱ्यावरून शेतात जाण्याच्या वाटेसाठी तहसीलदाराकडे दादही मागता येते. पण दावा जिंकून मिळालेल्या रस्त्यावर शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत. त्यापेक्षा ग्रामसभेत नकाशा पसरावा, मोजणी सर्वांसमक्ष व्हावी, आणि ज्याची शेती मोठी त्याने पहिल्याने धुरा मागे घ्यावा. हे दान कोणत्याही संगमरवरी पाटीवर कोरले जात नाही, म्हणून ते मोठे.

आता पैशाचा विचार. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने मोठ्या गावांना जोडण्याचे काम हाती घेतले. आदिवासी भागासाठी तिची लोकसंख्येची अट ५०० वरून २५० वर आणलेली होती. परंतु टोल्याची व शेताची वाट तशीच राहिली. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे वाढली, १९७७ साली कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे केंद्राच्या २००५ च्या कायद्यात खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीचा ठरला. मजुराच्या हाताला काम मिळावे, हा त्यामागचा योग्य हेतू होता. पण नळ, सिमेंट, खडी यांना पैसा थोडा उरे. मातीकाम होई, मोरी राहून जाई, आणि पहिल्याच पुरात रस्ता तुटे.

म्हणून लोकवर्गणी मुरूम पसरण्यात संपवू नये. ती मोऱ्यांसाठी राखावी. पाणी कोठून वाहते हे अभियंत्याला एका पाहणीत कळत नाही. बोडीखालची बांधी कसणाऱ्या म्हाताऱ्याला ते पाठ असते. आखणीच्या दिवशी दोघांनी मिळून चालावे.

जंगलातून वाट न्यायची असेल तर वनहक्क कायदा, २००६ पाहावा. गावाच्या सोयीसाठी शासनाने करावयाच्या रस्त्यासारख्या कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागत नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. ठराव नसेल तर काम पुढे सरकत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ साली बांबू विकण्याचा अधिकार मिळविला. तेथे निर्णय एकमताने होतात. एकमत व्हायला वेळ लागतो, पण झालेले काम कोणी अडवीत नाही.

हिशेबाविषयी एकच सूचना. देवळासाठी दिलेला रुपया देवळालाच लागावा. रस्त्याची वर्गणी वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि तिचा जमाखर्च चावडीवर लावून ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. रोख देणे ज्याला जमत नाही त्याच्या दोन दिवसांच्या श्रमदानाचीही त्यात नोंद असावी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भाला श्रमदानाचा जो धडा घालून दिला, त्यात गरिबाच्या घामाला श्रीमंताच्या देणगीइतकाच मान होता.

देवळाचा गाभारा रोज झाडला जातो, म्हणून ते टिकते. रस्त्याचीही तशीच सेवा आहे. मृग लागण्यापूर्वी घरटी एक माणूस निघावा, नाल्या उपसाव्यात, मोऱ्यांतला गाळ काढावा. देवळाचा कळस दुरून दिसतो. त्या कळसापर्यंत आंधळा, पांगळा, बाळंतीण आणि शाळेचे लेकरू भर पावसात कोरड्या पायाने पोचेल, त्या दिवशी जीर्णोद्धार पूर्ण झाला असे समजावे.