चेंबर उघडण्याआधी ऑइल बघा

(एपिसोडमधलं बोलणं, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरून.)

हेडफोन लावलेत ना? आज जरा हात काळे करायचे आहेत.

मागच्या वेळी मी म्हणालो होतो की कॉव्हेंट्रीत मी एक जुनी एमजीबी घेतलीय. दोन सीटची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात अॅबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे पार्ट अजून मिळतात. माझी १९७२ची आहे. दिसायला हिरॉइन, पण गरम झाली की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायचा.

आकडे सांगतो. ह्या इंजिनाचं मॅन्युअल म्हणतं, गरम इंजिन रस्त्यावर चालताना प्रेशर ५० ते ८० पीएसआय हवं आणि आयडलला १० ते २५. माझं चालताना ३५, आयडलला आठ. मी काय केलं? जे सगळे करतात तेच. म्हटलं, मीटर जुना आहे, खोटं बोलत असेल. ऑइल बदलू, जरा जाड घालू, काटा वर येईल.

त्या आठवड्यात बाबा आले होते कोल्हापूरहून. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. शनिवारी त्यांना एमजीबीत बसवून लेक डिस्ट्रिक्टला न्यायचं, असं मी सहा महिने ठरवत होतो. बुधवारी त्यांचं परतीचं विमान. आणि गुरुवारी संध्याकाळी मी बॉनेट उघडलं.

बाबा वाकले, बघितलं आणि हसायला लागले. "लेका, हे तर अँबॅसिडरचं इंजिन!"

मला वाटलं, गंमत करतायत. पण खरं आहे ते. ह्या इंजिनाच्या घराण्याचं नाव बीएमसी बी-सिरीज. १९५५च्या एमजीए स्पोर्ट्स कारमध्ये ते १४८९ सीसीचं होतं. आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन चाललं, तेही ह्याच घराण्यातलं. एमजीबीत त्याचं १७९८ सीसी केलं. वर्कशॉपच्या कामानंतर बाबांनी गावातल्या कितीतरी अँबॅसिडर उघडल्या होत्या. मॅन्युअलमध्ये ज्याला संप म्हणतात, त्याला बाबा चेंबर म्हणतात. इंजिनाच्या तळाशी असलेलं पत्र्याचं भांडं, ज्यात ऑइल साठतं आणि जिथून पंप ते जाळीतून ओढून वर पाठवतो.

इंजिन थोडं गरम केलं, गाडी चढवली. एक सांगतो, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. सपाट जागा, स्टँड, मागच्या चाकांना अडण. मग चेंबरचा नट सोडला. मी ऑइल सरळ जुन्या कॅनमध्ये घेणार होतो.

"थांब की जरा. पांढरं काही आहे का?"

आइसक्रीमचा पांढरा डबा दिला. बाबांनी शेवटचं, तळातलं ऑइल त्यात घेतलं, उजेडाकडे धरून डबा तिरका केला. मी हातमोजे देत होतो, कारण वापरलेलं ऑइल कातडीला वाईट. त्यांनी घातले नाहीत. ऑइल हळूहळू सरकलं आणि मागे चंदेरी चकाकी राहिली. गणपतीच्या मखराची चमकी सांडावी तशी.

"फ्रिजवरचं लोहचुंबक आण."

लावलं. काहीच चिकटलं नाही.

मंडळी, हे लक्षात ठेवा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड-पोलाद. नव्या गिअरची थोडी बारीक कीस असते तशी असेल तर एक वेळ चालतं. पण चकाकतंय आणि चिकटत नाही, म्हणजे बहुतेक बेअरिंगचा मऊ धातू. ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. गाडी फक्त छोट्या फेऱ्या मारत असेल तर वाफेचंही असू शकतं, नाहीतर हेड गॅस्केट तपासा. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटर वाहतोय. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग कोरडी पडतात. इंजिनाचा रिपोर्ट त्या डब्यात असतो आणि आपण तो न वाचता फेकतो.

मी म्हटलं, "बाबा, जाड ऑइल घालून शनिवारी हळू जाऊ. आल्यावर बघू."

"जाड ऑइलनं आवाज दबतो, रोग नाही. आत्ता बेअरिंग जातंय. हायवेवर क्रँक जाईल."

खरं सांगतो, मला राग आला. सहा महिन्यांचा प्लॅन होता. पण रात्री हॉटेल रद्द केलं.

शुक्रवारी चेंबर उतरवला. एमजीबीत इंजिन बाहेर न काढता तो उतरतो, पण पुढचे बोल्ट क्रॉसमेंबरच्या वर लपलेले असतात. इंजिनाचं माउंटिंग सैल करून ते थोडं उचललं, तेव्हा पाना बसला. आत बघितलं आणि कारण हाताला लागलं. पंपाच्या जाळीवर निळसर रबरासारखे तुकडे. सिलिकॉन! माझ्या आधी कुणीतरी गळती थांबवायला गॅस्केटवर सिलिकॉन थापलं होतं. बोल्ट आवळल्यावर जास्तीचं आतल्या बाजूला फुगून आलं, तुटलं आणि जाळीत जाऊन बसलं. बाहेर ऑइल गळू नये म्हणून केलेला उपाय आत इंजिनाला ऑइल मिळू देत नव्हता.

बिग एंडच्या कॅप एकेक करून उघडल्या. कॅपवर नंबर टाका, उलटसुलट करू नका. तिसऱ्याच्या बेअरिंगवर वरचा करडा थर जाऊन खालचा तांब्याचा रंग दिसत होता. बाबांनी क्रँकवर नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. "वाचलं," एवढंच म्हणाले. मी मायक्रोमीटरने मोजलं, तेही मापात होतं. हाच क्रँक चरला असता, तर इंजिन बाहेर काढून घासायला द्यावा लागला असता. खर्च अनेक पटींनी वाढला असता.

नवीन बेअरिंग मागवली, सोमवारी आली. बसवताना प्लास्टिगेज वापरलं. मेणासारखा बारीक धागा असतो. क्रँकवर ठेवायचा, कॅप मापात आवळायची, पुन्हा उघडायची आणि चपटा झालेला धागा पट्टीशी जुळवायचा. धागा जितका पसरला तितकी फट कमी. फट मापात आली, धागा पुसला, ऑइल लावून कॅप कायमच्या आवळल्या.

आता चेंबर परत बसवणं. इथे सगळे चुकतात. चेंबरची कडा पातळ पत्र्याची असते. आधीच्या माणसाने बोल्ट इतके आवळले होते की प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर आला होता. अशा कडेवर कितीही महाग गॅस्केट लावा, गळणारच. लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने हळूहळू सपाट केलं. जुनं पॅकिंग खरवडलं, चेंबर धुऊन पुसला. नवीन कॉर्कचं गॅस्केट, आणि सिलिकॉन फक्त कोपऱ्यांच्या सांध्यांना, तांदळाएवढं. चेंबरच्या बोल्टला मॅन्युअलमध्ये टॉर्क आहे ६ पाउंड-फूट, म्हणजे साधारण ८ न्यूटन-मीटर. खूपच कमी वाटतं ना? तेवढंच हवं. माझ्याकडे टॉर्क रेंच होता. बाबांनी छोटा पाना दोन बोटांत धरला आणि मधून कडेला, आलटून-पालटून आवळत गेले. नंतर मी रेंचने तपासलं. एक बोल्ट सोडला तर सगळे बरोबर.

ड्रेन नटला नवीन तांब्याचं वायसर घातलं. त्याचे आटे एकदा गेले की नवीनच दुखणं, म्हणून तोही माफक आवळला. नवा फिल्टर आणि २०डब्ल्यू५०, जुन्या इंजिनांसाठी असतं ते जस्तवालं. सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढले, कॉइलची वायर सोडली आणि स्टार्टरने इंजिन फिरवत राहिलो, काटा हलेपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटवायचं नाही.

मंगळवारी रात्री साडेनऊला पेटवलं. काटा ६०च्या वर गेला. बाबा वाकून खाली बघत होते, गळतंय का ते. नाही गळलं.

लेक डिस्ट्रिक्ट राहिलं. बुधवारी सकाळी, विमानाआधी, बाबांना घेऊन आमच्या वस्तीभोवती एक चक्कर मारली. दहा मिनिटं. ते रस्त्याकडे बघतच नव्हते, डोळे काट्यावर.

जुनं ऑइल कॅनमध्ये भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला दिलं. गटारात ओतू नका. इथे तो गुन्हा आहे, आणि नसता तरी ओतू नका. तिकडे असाल तर वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

पाचशे मैलांनंतर मी पुन्हा ऑइल बदललं. तळातलं पांढऱ्या डब्यात घेतलं, बाबांना व्हिडिओ कॉल लावला, डबा कॅमेऱ्यासमोर तिरका केला. ते बराच वेळ बघत राहिले. म्हटलं, नेटवर्क गेलं की काय.

"चकाकत नाही," म्हणाले. "जा आता, कुठं जायचं ते."

तर मंडळी, गाडी एमजीबी असो, बुलेट असो नाहीतर आजोबांची स्कूटर, पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा आधी पांढरा डबा शोधा. काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. हात धुवा!